एकवीस अंकी संख्या आणि आमची एक चूक

वार्षिक अंकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं लिहून द्यावें अशी सूचना झाली, तेव्हां प्रथम आम्ही गोंधळून गेलों. भाषेचे शिक्षक निसर्गवर्णन लिहितात, इतिहासाचे शिक्षक एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र लिहितात. गणिताच्या शिक्षकानें काय लिहावें? एका विद्यार्थिनीनें तर आम्हांस सरळच विचारलें, "सर, तुम्ही गणितें घालणार, कीं गोष्ट सांगणार?" तिच्या प्रश्नाचें उत्तर म्हणून आम्हीं एका संख्येची गोष्ट सांगण्याचें योजिलें आहे. संख्या मोठी आहे. परंतु कोणीं भिऊं नये. तिच्यावर परीक्षेंत प्रश्न येणार नाहीं.

ती संख्या अशी : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

एकवीस अंक! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'ंत स्थानांचीं जीं नांवें दिलीं आहेत, तीं एक, दश, शत येथून निघून परार्धापाशीं थांबतात. आणि परार्ध हें अठरावें स्थान होय. म्हणजे नांवें जेथें संपलीं, त्याच्याहि पुढें तीन घरें आमची संख्या जाऊन बसली आहे. सेकंदास एक याप्रमाणें कोणी न थांबतां मोजीत बसला, तर तिच्यापर्यंत पोंचण्यास त्याला साडेचार लक्ष कोटि वर्षांहून अधिक काळ लागेल.

परंतु तिचा जन्म अगदीं साधा आहे. बुद्धिबळाच्या पटाची जुनी कथा बहुतेकांनीं ऐकली असेल. पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, असे दुप्पट करीत जावयाचे. पटाला चौसष्ट घरें असतात. त्यांस आणखी तीन घरें जोडलीं आहेत अशी कल्पना करा. त्या सदुसष्ट घरांतील सर्व दाण्यांची बेरीज म्हणजेच ही संख्या. गणिताच्या भाषेंत बोलावयाचें तर, दोनाच्या सदुसष्टाव्या घातांतून एक वजा केला कीं ती मिळते.

आतां प्रश्न असा कीं, ही मूळसंख्या आहे काय? एकाहून मोठ्या ज्या संख्येस एक आणि ती स्वतः यांवांचून दुसऱ्या कशानेंहि निःशेष भाग जात नाहीं, तिला मूळसंख्या म्हणतात, हें लहान वर्गांतील मुलांसहि ठाऊक आहे. दोनाच्या घातांतून एक वजा करून ज्या संख्या मिळतात, त्यांची एक गंमत आहे. घात चौथा घेतला तर १५ येतात, सहावा घेतला तर ६३, नववा घेतला तर ५११. या सर्वांस भाग जातो. घातांक स्वतः मूळसंख्या नसेल, तर येणारी संख्याहि मूळसंख्या नसते, हा नियम पक्का आहे. उलट दुसरा, तिसरा, पांचवा व सातवा घात घेऊन पाहा : ३, ७, ३१ आणि १२७. या चारीहि मूळसंख्या आहेत.

येथेंच आमच्या चुकीची गोष्ट येते. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत आम्हीं या चार संख्या फळ्यावर ओळीनें मांडल्या आणि मोठ्या उत्साहानें म्हणालों, "आतां अकरा घ्या. दोनाचा अकरावा घात दोन हजार अठ्ठेचाळीस. एक वजा करा. दोन हजार सत्तेचाळीस, हीहि मूळसंख्याच!" खरें सांगावयाचें तर, ही गोष्ट आम्हीं तपासून पाहिली नव्हती. चार वेळां जें घडलें तें पांचव्या वेळीं घडणारच, असें आम्हीं मनाशीं धरून चाललों होतों.

मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याचें अक्षर गिचमिड, गृहपाठ नेहमीं अर्धवट; भागाकारांत तर त्याची चूक ठरलेली. त्याचे वडील धान्याच्या बाजारांत मापाडी होते. तो हळूच म्हणाला, "सर, हिला भाग जातो." वर्गांत खसखस पिकली. आणि आम्हीं, कशानें भाग जातो एवढेंहि न विचारतां, बोलून गेलों, "आधीं सातानें भाग द्यावयास शीक, मग आम्हांस शिकव." खसखशीचें मोठें हसें झालें. मुलगा खालीं बसला. त्यानें वहीचें शेवटचें पान फाडून मुठींत चुरगळलें. हें आम्हीं पाहिलें; आणि पाहूनहि पुढें शिकवीत राहिलों.

त्या रात्रीं घरच्या प्रार्थनेंत आमचें चित्त लागेना. मंडळी निजल्यावर आम्ही कागद घेऊन बसलों. दोन हजार सत्तेचाळिसांस तिनांनीं भाग जात नाहीं, पांचांनीं जात नाहीं. सातांनीं भागतां बाकी तीन, अकरांनीं एक, तेरांनीं सहा, सतरांनीं सात, एकोणिसांनीं चौदा. मग तेवीस घेतले. तेवीस गुणिलें एकोणनव्वद, बरोबर दोन हजार सत्तेचाळीस. बाकी शून्य. पांच मिनिटांचें काम होतें, आणि तें वर्गांत जाण्यापूर्वीं करणें हें आमचें कर्तव्य होतें. चुरगळलेल्या पानावर काय लिहिलें असेल, हें आतां आम्हांस उमगलें.

दुसऱ्या दिवशीं वर्गांत जातांच आम्हीं फळ्यावर २३ × ८९ लिहिलें आणि म्हणालों, "काल आम्ही चुकलों होतों, हा मुलगा बरोबर होता. त्याला जें बोललों तें आम्हीं बोलावयास नको होतें." वर्ग स्तब्ध झाला. मुलानें मान वर केली नाहीं. एवढ्यानें हिशेब फिटला असें आम्हांस वाटलें. परंतु तो फिटला नव्हता. पुढें कित्येक महिने त्या मुलानें वर्गांत हात वर केला नाहीं. अपमान चारचौघांत एका क्षणांत होतो. त्याची भरपाई मात्र चारचौघांत केली तरी एका क्षणांत होत नाहीं, हें त्या वर्षीं आम्हांस मुलांनीं शिकविलें.

पालकसभेस त्याचे वडील आले होते, तेव्हां आम्हीं त्यांस घडलेला प्रकार सांगितला. ते थोडा वेळ आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, माप चुकलें असें वाटलें, तर आम्ही पोतें पुन्हां घालतों. त्यांत कमीपणा तो काय? पण गिऱ्हाईक बोललें तर ऐकून तर घ्यावें लागतें." पहिल्या वाक्यानें त्यांनीं आमचें सांत्वन केलें आणि दुसऱ्यानें आमची चूक कोठें होती तें नेमकें दाखविलें. संख्या चुकणें ही लहान चूक होती. न ऐकणें ही मोठी होती.

यानंतर या जातीच्या संख्यांविषयीं जें मिळेल तें आम्ही वाचूं लागलों. या संख्यांस ज्यांचें नांव मिळालें आहे, ते मारँ मर्सेन हे फ्रान्स देशांतील एक धर्मव्रती. त्यांचा जन्म १५८८ सालीं झाला व मृत्यु १६४८ सालीं. पॅरिस येथील मठांत राहून ते यूरोपांतील पुष्कळ विद्वानांशीं पत्रव्यवहार करीत आणि एकाचा शोध दुसऱ्यास कळवीत. या संख्यांकडे त्यांचें लक्ष वेधण्याचें कारणहि सांगण्यासारखें आहे. ज्या संख्येच्या तिच्याहून लहान अशा सर्व विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच होते, तिला पूर्णसंख्या म्हणत : १, २ व ३ मिळून ६, १, २, ४, ७ व १४ मिळून २८. संत ऑगस्टीन यांनीं सहांच्या या पूर्णत्वाची सांगड सृष्टीच्या सहा दिवसांशीं घातली होती. युक्लिड यांनीं दाखविलें होतें कीं, आपल्या मालिकेंत एखादी मूळसंख्या सांपडली कीं तिच्यापासून एक पूर्णसंख्या तयार होते. ३ पासून ६, ७ पासून २८, ३१ पासून ४९६ आणि १२७ पासून ८१२८.

१६४४ सालीं छापिलेल्या आपल्या ग्रंथांत मर्सेन यांनीं असें लिहिलें कीं, घातांक २५७ पर्यंत नेला असतां केवळ अकराच वेळां मूळसंख्या मिळते. ते घातांक २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. यांत अकरा हा घातांक नाहीं, हें वाचून आम्ही वरमलों. परंतु या यादींतहि पांच चुका होत्या. ६७ व २५७ हे दोन तींत नको होते, आणि ६१, ८९ व १०७ हे तीन राहून गेले होते. यांपैकीं ६१ ची उणीव १८८३ सालीं रशियांतील इव्हान पर्वुशिन यांनीं दाखवून दिली. तेहि एक धर्मगुरूच होते. विशेष हें कीं, पंधरा-वीस अंकी संख्या मूळसंख्या आहे कीं नाहीं हें ठरविण्यास सर्व काळहि पुरणार नाहीं, अशा अर्थाचें स्वतः मर्सेन यांनींच लिहून ठेविलें आहे. तपासणी होऊं शकत नाहीं हें त्यांस ठाऊक होतें, तरी यादी त्यांनीं छापिली. थोर मनुष्याचा शब्द म्हणून ६७ ची गोष्ट दोनशें वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली.

ती तपासणें इतकें कठीण कां होतें, तेंहि पाहूं. एखादी संख्या मूळसंख्या आहे हें भागाकारानें ठरविण्यासाठीं तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळसंख्यांनीं भाग देऊन पाहावा लागतो. २०४७ चें वर्गमूळ सुमारें ४५ आहे. आमच्या एकवीस अंकी संख्येचें वर्गमूळ सुमारें १२१४ कोटि! येथें फर्मा या फ्रेंच गणितज्ञानें १६४० सालीं शोधिलेला एक नियम फार उपयोगी पडतो. घातांक दोनाहून मोठी मूळसंख्या असेल, तर या संख्येचा प्रत्येक विभाजक, घातांकाच्या दुपटीनें भागला असतां बाकी एक उरते, अशाच जातीचा असतो. घातांक अकरा, त्याची दुप्पट बावीस; म्हणून पहिला उमेदवार तेवीस. हा नियम आम्हांस त्या दिवशीं ठाऊक असता, तर एकाच भागाकारांत आमची लाज राहिली असती. घातांक ६७ असतां दुप्पट १३४ येते. म्हणून १३५, २६९, ४०३ अशा संख्या घेत जावयाचें. परंतु या वाटेनें गेलें तरी पहिला खरा विभाजक १४,४५,५८० व्या पायरीवर भेटतो. मिनिटास एक भागाकार याप्रमाणें रात्रंदिवस काम केलें, तर पावणेतीन वर्षें!

१८७६ सालीं एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानें एका निराळ्याच कसोटीनें दाखविलें कीं, ही संख्या मूळसंख्या नाहीं. नवल असें कीं, त्या कसोटीनें तिचे अवयव मात्र कळत नाहींत. घरांत चोरी झाली हें सिद्ध झालें, पण चोर कोण तें कळेना, अशी स्थिति झाली. ती आणखी सत्तावीस वर्षें टिकली.

ता. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं न्यूयॉर्क येथें अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची सभा होती. तींत फ्रँक नेल्सन कोल या प्राध्यापकांचा निबंध होता. त्या प्रसंगाचें वर्णन गणितलेखक ई. टी. बेल यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. कोल फळ्यापाशीं गेले. एक शब्दहि न बोलतां त्यांनीं दोनाचा सदुसष्टावा घात काढिला व त्यांतून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या बाजूस त्यांनीं दोन संख्या मांडल्या आणि त्यांचा गुणाकार हातानें केला :

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७.

दोन्हीकडचीं उत्तरें तंतोतंत जुळलीं. कोल निमूटपणें आपल्या जागेवर जाऊन बसले. सभेनें टाळ्यांचा गजर केला. कोणीं एकहि प्रश्न विचारला नाहीं. या शोधास किती काळ लागला असें बेल यांनीं पुढें विचारलें, तेव्हां तीन वर्षांचे रविवार, असें उत्तर मिळालें म्हणतात. रविवार अशा कामीं घालवावे कीं नाहीं, याविषयीं आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींचें मत आम्हांस ठाऊक आहे. तो वाद आम्ही येथें काढीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, कोणाचीहि निंदा न करतां, कोणाच्याहि मोठेपणाचा आधार न घेतां, जें सत्य सर्वांस पडताळून पाहतां येईल तें फळ्यावर मांडावें आणि खालीं बसावें, ही रीत आम्हांस फार आवडली.

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गाकडून आम्हीं हाच गुणाकार करविला. मुलामुलींचे आठ गट केले. चाळीस मिनिटांचा तास पुरला नाहीं. मधल्या सुटींतलीं दहा मिनिटें मुलांनीं आपण होऊन दिलीं. पांच गटांचें उत्तर बरोबर आलें. उरलेल्यांपैकीं दोन गटांच्या चुका नवांच्या ताळ्यांत सांपडल्या. पहिल्या अवयवांतील अंकांची बेरीज ३७, म्हणजे शेवटीं १. दुसऱ्याची ६४, म्हणजे शेवटीं १. म्हणून उत्तराचाहि ताळा १ आला पाहिजे. खऱ्या उत्तराच्या अंकांची बेरीज १०९ येते, म्हणजे १. येथवर ठीक. परंतु आठव्या गटाचें उत्तर चुकलेलें असूनहि त्याचा ताळा जुळत होता! मुलें चक्रावलीं.

शोध घेतां कारण सांपडलें. पहिल्या अवयवांत एक शून्य आहे. त्या शून्याची ओळ सोडून देतांना पुढच्या ओळी एक घर डावीकडे सरकवाव्या लागतात. त्या या गटानें सरकविल्या नव्हत्या. म्हणजे १९,३७,०७,७२१ च्या ऐवजीं त्यांनीं १,९३,७७,७२१ नें गुणिलें. शून्य गळाल्यानें अंकांच्या बेरजेंत फरक पडत नाहीं, म्हणून नवांचा ताळा गप्प राहिला. मग आम्हीं अकरांचा ताळा घेतला. यांत उजवीकडून एकाआड एक अंकांच्या दोन बेरजा करून त्यांची वजाबाकी घेतात. खऱ्या उत्तरांत त्या बेरजा ६३ व ४६ येतात. वजाबाकी १७, अकरांनीं भागतां बाकी ६. अवयवांच्या बाक्या ९ व ८. त्यांचा गुणाकार ७२, त्याचीहि बाकी ६. त्या गटाच्या उत्तराची बाकी मात्र शून्य आली, आणि चूक उघडी पडली. एक ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर ठरत नाहीं, हें त्या दिवशीं वर्गास कळलें. आम्हांस तें पंधरा वर्षांपूर्वीं कळावयास हवें होतें. चार मूळसंख्या ओळीनें आल्या, हाहि एक जुळलेला ताळाच होता.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आज मोबाइलवर ही संख्या घातली तर डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच तिचे अवयव समोर येतात. हें खरें आहे. १९०३ मधील तीन वर्षांचे रविवार आज एका क्षणांत मावतात. २०२४ च्या ऑक्टोबर महिन्यांत तर अमेरिकेंतील लूक ड्युरँट यांच्या प्रयत्नानें याच जातीची ४,१०,२४,३२० अंकांची मूळसंख्या संगणकांच्या साह्यानें सांपडली. तोंवर ज्ञात असलेल्या सर्व मूळसंख्यांहून ती मोठी होती. यंत्रांविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु मोबाइलनें सांगितलें म्हणून खरें मानणें, आणि शिक्षकानें सांगितलें म्हणून खरें मानणें, यांत आम्हांस फारसा फरक दिसत नाहीं. कोल यांचा गुणाकार ज्यानें एकदां स्वतः केला, त्याच्यापाशीं मात्र जें ज्ञान आहे तें कोणाकडून उसनें घेतलेलें नाहीं.

त्या मागच्या बाकावरील मुलाचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. तो कोणी मोठा गणितज्ञ झाला नाहीं. त्याचें अक्षरहि शेवटपर्यंत सुधारलें नाहीं. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस, मार्च महिन्यांत, आम्ही फळ्यावर एक लांबलचक बेरीज करीत असतां मागून आवाज आला, "सर, तिसऱ्या ओळींत हातचा राहिला." आम्हीं हातांतला खडू खालीं ठेवून ती ओळ पुन्हां वरून खालीं तपासली. हातचा खरोखरच राहिला होता. फळा पुसून आम्हीं त्याचे आभार मानले, आणि त्या दिवशीं घरीं जातांना आमचें मन फार हलकें झालें होतें.

विद्यार्थिमित्रहो, वर दिलेला गुणाकार सुटींत कागदावर अवश्य करून पाहा, आणि आमच्या लेखांतील प्रत्येक आंकडा ताडून घ्या. कोठें हातचा राहिला असेल, तर शाळा उघडतांच वर्गांत उठून सांगा. आम्ही ऐकून घेऊं.